दहा रेघा

एकोणीसशे पन्नासचा जून. थुरिंगियातलं आमचं गाव.
अख्खी शाळा बटाट्याच्या शेतात वाकलेली,
गळ्यात दोरीने बांधलेल्या बरण्या,
तळाशी बोटभर रॉकेल.
पिवळा भुंगेरा. पाठीवर दहा काळ्या रेघा.
हातात घेतला की मेल्याचं सोंग करायचा.

क्नोब्लाउख मास्तर म्हणाले, खाली काय बघता, वर बघा.
हे वरून येतात. अमेरिकेतून.
फळ्यावर त्यांनी विमान काढलं,
पोटातून ठिपके सांडणारं.
खडूची भुकटी त्यांच्या बाहीवर तशीच राहिली.

लिबोरियस, एका हाताचा, बांधावर पाइप ठोकत म्हणाला,
"हेच भुंगेरे वेचलेत मी, अडतीस साली, ह्याच वाफ्यात.
तेव्हा म्हणायचे, फ्रेंचांनी सोडले."
आणि हसला. दोनच दात.

शनिवारी निबंध: मी काय पाहिलं.
मी काहीच पाहिलं नव्हतं.
कोरं पान कसं द्यायचं?
मग लिहिलं, विमान आलं, चांदीसारखं,
इतकं खालून गेलं
की वैमानिकाचा जबडा दिसला,
च्युइंगम चघळणारा.

जिल्ह्याच्या पेपरात छापून आलं.
गुंडुला, वय नऊ. प्रत्यक्षदर्शी.
तो शब्द मला आईला विचारावा लागला.
बक्षीस म्हणून रंगपेटी मिळाली;
पिवळा आधी संपला.

लिबोरियसला ऑगस्टमध्ये घेऊन गेले.
"तुझ्यामुळे नाही गं," आई म्हणाली.
मी विचारलंच नव्हतं.

खोट्याला पाय नसतात म्हणे.
माझ्याला सहा होते, वर पंख,
आणि पानाच्या पाठीमागे, जिथे कोणी बघत नाही,
ते अंडी घालायचं. नारिंगी. ओळीने.

परवा संग्रहालयातली एक मुलगी आली,
टेबलावर रेकॉर्डर ठेवला. चहा घेतला नाही.
तिला सगळं सांगितलं: विमान नव्हतं,
मी रचलं, कोऱ्या पानाला घाबरून.
तिने मान डोलावली, लिहून घेतलं.
मग म्हणाली, "आजी, सांगताना
तुम्ही सारख्या छताकडे का बघत होतात?"

आवाज येतो म्हणून.
अजून येतो, बटाटे सोलताना सुद्धा,
आणि तो जबडा, दाढेजवळचा तीळसुद्धा दिसतो,
जो मी निबंधात लिहिलाही नव्हता.

लिबोरियसचे दात मात्र
दोन होते की तीन,
आता नक्की सांगता येत नाही.