खिसा

मशीन माह्या लग्नातली. पट्टा तीनदा बदलला,
अंगावरचं सोनेरी नाव झिजून शेवटचं अक्षर उरलं.
दुपारी लाइन जाते,
तिले काय त्याचं, ती पायावर चालते.

आश्रमशाळेतून माप आलं सत्तावीस फ्रॉकांचं,
अन् जमल्या तर थंडीआधी वाकळी.
कासाराच्या सुनेनं पडदे देल्ले,
देवकाबाईनं नऊवारी, काठ मात्र कापून ठेवले.
घरच्यायले मी विचारलंच नाई.

फ्रॉक अंगाले लावून पाहताना
तिसरीतली सुनयना मडावी कानाशी लागली,
काकू, खिसा पायजे.
कायले?
ठेवाले.
काय ठेवतं वं?
पोट्टी टेपाकडं पाहत राह्यली.

ट्रंकीत यायचा खाकी शर्ट होता, टपालाचा,
नऊ वर्षं झाले, घडी मोडली नाई.
ब्लेडनं डावा खिसा उसवला.
शिवणीत शाईचा डाग, तंबाखूची चिमूट,
अन् खिशाखाली शर्ट
अजून नवाच होता, चौकोनभर.

गुलाबी फ्रॉकावर खाकी खिसा.
वाटाले हे संगं आले, पिशव्या धरून.
पाह्यलं त्यायनं. ओळखलं.
खाली वाकून झाकणाचं बटन लावलं,
"लावत जाय, नाई तं पडते."

रात्री पाहतो तं मशीनवर तोच शर्ट ठेवलेला.
एकच खिसा उरला होता त्याले,
अन् तिकडं सव्वीस पोट्ट्या
खिसा मांगून राह्यल्या होत्या.