पावशेर

राखेच्या बुधवारी फादर इनासनी
कपाळावर अंगठा टेकवला.
माती आहेस, म्हणाले, मातीला मिळशील.
मला हसू येणार होतं.
सोळा वर्षं मी मातीच तोलत होतो,
रताळ्यांना चिकटलेली,
आणि तिच्या नावानं वेगळं कापून घेत होतो.

पाच किलोचं लोखंडी माप. बुडाला भोक.
भोकात ओतलेलं पावशेर शिसं, वरून काळा रंग,
सरकारी शिक्का जिथल्या तिथं.
पहाटे चारला बेळगावात मार्केटच्या भिंतीशी
बायका टोपल्या उतरायच्या.
मी तराजू उचलायचो.
लाभ, दोन, तीन.
पहिल्याला एक म्हणायचं नसतं, लाभ म्हणायचं.
कानडीतही तो लाभच,
मग एरडु, मूरु.

पुढं बटनाचा काटा आला.
माप घरी आणलं, दाराला टेकण म्हणून.
वारं सुटलं तरी दार हलत नव्हतं.
रात्री सगळी प्रार्थनेला गुडघ्यावर बसायची,
नतालीन, पोरं,
आणि माझ्या नजरेच्या बरोब्बर उंचीवर ते.

पापनिवेदनाची यादी मला पाठ होती:
रागावलो, खोटं बोललो, उपवासात मटण खाल्लं.
या खेपेला पिशवीच घेऊन गेलो.
जाळीतून पिशवी पलीकडं जात नाही.
तोंडानंच सांगावं लागलं.
फादर बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, देवानं क्षमा केली रे पास्कू, आत्ताच केली.
पण ते पावशेर देवाचं नव्हतं.

कुणाकुणाचं होतं?
हिरवं लुगडं. तुटकी वहाण. पाठीला बांधलेलं बाळ.
अशाच आठवतात.
नाव एकीचंच ठाऊक, सुळेभावीची निंगव्वा,
तेही तिनं एकदा पाणी मागताना सांगितलं म्हणून.

बसमध्ये मांडीवर पिशवी.
मला कानडी येते, बाजारापुरती:
केवढ्याला, कमी कर, नको, उद्या ये.
चुकलो, याला शब्द नव्हता माझ्याकडं.
शेजारच्या शाळकरी पोराला विचारला.
तप्पातु, म्हणाला, कुणाला म्हणायचंय?
मी खिडकीबाहेर बघितलं.
उसाच्या कडेनं वाटभर
तप्पातु, तप्पातु,
माळेचे मणी ओढावेत तसं.

म्हातारी अंगणात शेंगा फोडत होती.
मी पिशवी उलटी केली.
पाटी कशानं तरी दणकली, कोंबड्या उडाल्या.
शब्द घशातून निघेपर्यंत
तिनं माप उचलून हातात झुलवलं होतं.
मोडक्या मराठीत म्हणाली,
हे जड हाय, मला ठाव होतं.
मग मला का घालत होतीस माल?
बाकीच्यांचं ह्याच्याहून जड.

मी पैसे पुढं केले. हिशेब लागत नव्हताच,
अंदाजानं चौपट.
तिनं मोजले, दोनदा मोजले,
थुंकी लावून, एकेक नोट,
पहिलीला लाभ म्हणाली नाही.
कनवटीला खोचले.
माझ्या कपाळाकडं बघून विचारलं, हे काय लागलंय?
राख, म्हटलं.
आमच्यातबी लावतात, म्हणाली,
आणि ओसरीवरची रास हातानं सारून म्हणाली,
बा.

बा म्हणजे ये.
एवढं कानडी मला येत होतं.

खाली बसलो. तिनं ताक दिलं,
नातवाला हाक मारून माप उचलायला लावलं
आणि कोंबड्यांच्या डालग्यावर ठेवलं.
चांगलं बसलं. आता मांजर काय उचलत नाही.

बाकीच्या बायका राहिल्याच.
हिरवं लुगडं मी अजून बस स्टँडवर शोधतो,
दोनदा चुकीच्या बाईला थांबवलं,
एकीनं शिव्या दिल्या.

रविवारी मिस्सेला सगळे उभे राहिले.
हे आमच्या स्वर्गातील
इथवर म्हटलं,
आणि पुढच्या शब्दाच्या पहिल्याच अक्षराशी अडलो.
लोक पुढं गेले. भाकरीपर्यंत पोचले.
मी तिथंच.
बा.
कोण कुणाला म्हणत होतं, कळेना.