मेस्तियात, सात दिवस, पाच जीबी

घरच्या वायफायवर मेल आला, मेलमध्ये कोड,
काळ्या चौकोनांची रांगोळी,
खाली सूचना : कॅमेरा कोडसमोर धरा.
पण कोड फोनमध्ये, कॅमेराही त्याच फोनमध्ये.
स्वतःची पाठ स्वतःला खाजवता येत नाही, त्यातलाच प्रकार.
नाझिब्रोला हात पुसत बाहेर आली,
तिच्या तडा गेलेल्या फोनने माझ्या फोनचा फोटो काढला
आणि नवरीसमोर आरसा धरावा तसा समोर धरला.
सिम आलं. न खटका, न ट्रे.
ती आधी स्वान बोलते, मग जॉर्जियन, मग हात.
हातांनी विचारलं : झालं?
झालं.

इथे घरागणिक टॉवर आहे.
दगडी, चार मजली,
भाऊबंदकी पेटली की वर चढून
शिडी ओढून घ्यायला बांधलेला.
रेंज शून्य.
हा विनोद मी मीटिंगमध्ये सांगितला.
‘शून्य’पाशीच आवाज तुटला.

मी नळांचे दावे तपासते, कॅनडातल्या फुटलेल्या नळांचे.
विनिपेगच्या एका बाईंचं तळघर भिजलं,
गालिचा भिजला, पियानो भिजला.
पियानो खरंच होता का, हे ठरवायचं मी,
लोकरीचे दोन मोजे एकावर एक घालून,
कॉकेशसच्या या उतारावर.
पुरावा म्हणून व्हिडिओ जोडलाय : आठशे एमबी.

चौथ्या दिवशी बर्फाने खांब पाडला.
वायफाय गेलं. तो गुरुवार होता.
गुरुवारी दुपारी नाझिब्रोलाच्या लेकीला सुट्टी असते.
ती बारीला असते, इटलीत,
दुसऱ्याच कुणाच्या म्हाताऱ्या आईला अंघोळ घालते.
नाझिब्रोला दाराशी उभी राहिली.
मागितलं काही नाही,
शेजारीण वाटी पदराआड धरून विरजणाला येते, तशी.
मी हॉटस्पॉट चालू केला.

मला वाटलं, दहा मिनिटं.
गाय, छप्पर, कुणाचं तरी लग्न, एवढ्यात बोलणं संपलं.
मग आई अक्रोड फोडत बसली,
लेक तिकडे परक्या चादरींना इस्त्री करत राहिली.
कुणी बोलत नव्हतं.
चित्र चालू होतं.
एक पॉइंट तीन, एक पॉइंट एक, पॉइंट नऊ...
मी आकडे पाहत होते, आणि पहिल्यांदाच कळत होतं :
गप्प बसायलाही डेटा लागतो.

त्या रात्री पियानोचा व्हिडिओ उघडला नाही.
दावा मंजूर केला.

निघायच्या सकाळी तिने साखरेचा डबा आणला.
आत सिम, प्लास्टिकची, नखाएवढी,
पाहुण्यांनी जाताना ठेवलेली :
जर्मन जोडप्याचं, दोघा पोलिश भावांचं,
नाव विसरलेल्या, फार खोकणाऱ्या एकाचं.
कागदाच्या पुडीत वेगळं ठेवलेलं नवऱ्याचं, बिमुर्झाचं.
त्याचा नंबर तिने एकदा लावून पाहिला होता.
बातुमीतल्या एका पोराने उचलला.
गुणी पोरगा. दर नवीन वर्षाला आता तोच फोन करतो.

डबा माझ्यापुढे उघडा धरलेला.
मी फोन दाखवला, सेटिंग दाखवली, ती ओळ दाखवली.
तिने फोन उलटा करून खाली पाहिलं,
हातांनी विचारलं : मग ठेवून काय जाणार?

पाकिटाच्या तळाशी पिन होती,
जुन्या सिमचा ट्रे उघडायची, वर्षभर न लागलेली.
ती दिली. तिने उजेडात फिरवून पाहिली,
डब्यात नाही टाकली.
शेगडीकडे गेली, डावा बर्नर काढला,
तुंबलेल्या भोकात पिन घातली, फुंकर मारली,
काडी ओढली.
निळी ज्योत, गोल, सगळीकडून सारखी.

चहा लवकर झाला.
गाडी चुकली ती चुकलीच.