निवताना

कलिना. रात्रीचे पावणेदोन.
क्वार्ट्झच्या नळीत निकेलचा पत्रा, नखाएवढा,
त्यावर चिमूटभर कोळसा.

रजिस्टरात लिहिलंय : घन कार्बन, स्रोत क्रमांक एकोणीस.
खरं तर तो दादांच्या भट्टीतला.
तांबा काट्याजवळचं दुकान रिकामं करताना
भात्याच्या तोंडाशी अडकलेला सापडला.
रुमालात बांधून आणला,
डिमेलो सरांना बोलले नाही.

आधी अठरा वेळा फसलंय.
साखर झाली, मेण झालं, करवंटी झाली,
फरहीननं तर हसत हसत
डब्यातल्या खारीचा चुरा टाकला होता.
हाती काजळी.

नऊशे अंश.
आर्गॉन वाहतोय, आवाज न करता.
डोक्यावरून विमान उतरतं,
सिलिंडरवरचा काटा थरथरतो.
आत निकेल कोळसा पितंय
कोरी भिंत चुना पिते तसं,
स्वतः न वितळता.

दादा कल्हई करायचे.
पातेलं तापलं की नवसागराची चिमूट,
डोळे झोंबवणारा धूर,
कथलाची कांडी टेकवून
कापसाच्या बोळ्यानं एकच हात, गोल.
थर इतका पातळ
की गिऱ्हाईक म्हणायचं, एवढ्याचे पैसे?
दादा पातेलं उन्हात धरायचे.
बोलायचे नाहीत.

मग पाण्यात. चर्र.

इथे तसं चालत नाही.
झटकन निववलं तर कार्बन आतच अडकतो,
फार रेंगाळलं तर खोल बुडून जातो.
मधला वेग लागतो,
मिनिटाला किती अंश, ते मी अठरा वेळा चुकलेय.
मग प्यायलेलं सगळं
धातू हळूहळू वर सोडतं,
एका अणूच्या जाडीनं,
षटकोनाला षटकोन लावत.

पहाटे निकेल आम्लात विरघळलं.
ज्यानं केलं तेच आधी जातं.
बशीतल्या पाण्यावर काहीतरी तरंगत होतं,
किंवा नव्हतं.
लेझर म्हणाला : एका कोपऱ्यात एकच थर,
बाकी तीन-चार, मध्ये फाटलेलं.
एक कोपरा.

नालासोपाऱ्याहून दादांचा फोन. सात वाजता, नेहमीचा.
रात्रभर भट्टीपाशीच?
हो.
धूर होतो का गं तिथे?
नाही.
वास?
तोही नाही.
थोडा वेळ खोकले.
मग कळतं कसं तुला, झालं ते?

मी बशी उचलून खिडकीपाशी नेली,
उजेडात धरली.