एक, तीन, चार, दोन

पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यात
एकतीस वर्षं मी आकडे लावले
ते सरळ रांगेत.
एकानंतर दोन, दोनानंतर तीन.
चुकलं तर लाल शाई, वर सही.

दर मार्चअखेरीला एक ओळ यायची :
शेड क्रमांक नऊ, दारूखाना.
वाहन एक. नादुरुस्त. बेवारस. मूल्य शून्य.
बावीस मार्च मी ती ओळ
जुन्या वहीतून नव्या वहीत उतरवली,
वाहन न बघता.

मग लिलाव निघाला.
भंगारवाले किलोचा भाव बोलत होते.
ताडपत्री ओढली तर खाली
डुक्कर फियाट,
नाक जमिनीला लावून बसलेली,
डिकीत मांजरीची वीण,
बॉनेटवर खाऱ्या हवेने काढलेले नकाशे.
मी भंगाराच्या वर अकरा हजार बोलले.
सगळ्या माना वळल्या.
"यजमानांना शौक आहे वाटतं?"
यजमान नाहीत.
शौक आहे की नाही, तेही तेव्हा ठाऊक नव्हतं.

परकार मिस्त्री रे रोडच्या पुलाखाली भेटला.
चाळीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये,
दोन्ही कान खोल समुद्रात ठेवून आलेला.
त्याच्याशी बोलायचं तर पाटीवर लिहायचं.
तो मात्र तोंडाने बोलतो, आणि मोठ्याने :
"टोचा मार बाय, घाबरतेस काय!"
मारला.
ड्रायव्हरच्या पायाखालून
गॅरेजची फरशी दिसली.

कुर्ल्याहून पत्रा आला.
चोरबाजारातून दिव्याच्या दोन काचा आणल्या,
दोन्ही उजव्याच निघाल्या.
डिस्ट्रिब्यूटरची कॅप गडहिंग्लजच्या चौगुल्यांनी
पोस्टाने धाडली, पिठाच्या पिशवीत गुंडाळून.
त्यांच्याकडे अशीच एक होती, विकून टाकली, म्हणाले.
पैसे घेतले नाहीत.
चिठ्ठीत एवढंच :
चालू झाली की फोन लावा. आवाज ऐकवा.

टॅपेट मात्र मी लावले.
चार थाव आत, सहा थाव बाहेर.
पातीवर पाती सरकवत गेले
आणि बोटांना आपोआप कळलं :
ही पावतीची जाडी,
ही चलनाची,
ही कार्बन मध्ये धरलेल्या दोन कागदांची.
एकतीस वर्षांत पहिल्यांदा
ती नोकरी कशाच्या तरी कामी आली.

एका बुधवारी मिस्त्रीने भिंतीवर खडूने लिहिलं
१ ३ ४ २
मी पाटीवर लिहिलं : क्रम चुकला.
तो एवढा हसला की खोकला लागला.
"हा फुटायचा क्रम हाय, बाय.
एकाच्या लगोलग शेजारचा दोन फुटला
तर दांडा किती सोसणार?
शेजाऱ्याला जरा उसंत द्यायची."
त्या रात्री मला झोप लागेना.
एक, तीन, चार, दोन.
बाबा, आई, मोरेश्वर, मी.
कोण कधी गेलं, कोण कधी रागावलं,
कुणाच्या पाठोपाठ कोण बोललं नाही.
दोन वाजता उठून पाणी प्यायले.

गेल्या रविवारी हँडल मारलं.
चौथ्या फेरीला तिने धूर ओकला,
सातव्याला धरलं.
खिळ्यावरची फॅनबेल्ट हलायला लागली,
चहावाल्याच्या पोऱ्याने शिट्टी घातली,
मी रडले की काय, कोण जाणे,
पेट्रोल डोळ्यांत जातंच.
फोन लावला, इंजिनावर धरला.
तिकडे गडहिंग्लजला
घरघर चालली होती ती थांबली.
गिऱ्हाईक उभं असताना
चौगुल्यांनी गिरणी बंद केली होती.

बराच वेळ नुसतं ऐकत राहिले.
मग म्हणाले, "बाई, छान.
पण एक जण गप्प आहे.
तीन नंबर बघा."

मी मिस्त्रीला सांगायला पाटी उचलली.
तो डोळे मिटून उभा होता,
उजवा पंजा टॅपेटच्या झाकणावर,
ताप बघावा तसा.
डाव्या हाताची तीन बोटं
आधीच वर होती.

कान शाबूत असलेली मी एकटी.
मला आपलं एवढंच ऐकू आलेलं,
की चालू झाली.