जोडीचे डायोड

केमीत जानेवारीत दुपारी तीनलाच
बंदरावरचे दिवे लागतात.
तार्मो बर्फफोड्या जहाजावर वायरमन.
आज सुट्टी, म्हणून सौनाच्या बाहेरच्या खोलीत
भट्टी न पेटवता बसलाय,
मांडीवर खोकल्याच्या गोळ्यांचा रिकामा डबा,
डब्यात अर्धं पेडल.

काम म्हटलं तर एवढंच:
गिटारच्या लाटेचा खाली जाणारा अर्धा भाग
धरून वर उलटवायचा.
दरीचा डोंगर करायचा.
एका लाटेच्या जागी मग दोन डोंगर
आणि कान फसतो, म्हणतो,
वरचा सा लागला.

म्हटलं तर एवढंच.
तिसरा हिवाळा चाललाय.

सिलिकॉनचे डायोड लावले:
वरचा सूर आला, पण दात विचकत आला.
लाल एलईडी लावून पाहिले:
उजेडही नाही, आवाजही नाही.
कपॅसिटर मोठा केला तर सगळं ओल्या गोधडीसारखं जड,
लहान केला तर डास.
ट्रान्सफॉर्मर एका मेलेल्या रेडिओतला,
तो उलटा बसवल्यावर सुलटा चालला,
का, ते तार्मोला आजही नीट सांगता येत नाही.

मग तोर्निओच्या जुन्या बाजारात
एका म्हातारीने नवऱ्याचं खोकं विकायला काढलं.
रशियन वर्तमानपत्रात गुंडाळलेले
जर्मेनियमचे सत्तावीस डायोड,
काचेचे, तांदळाच्या दाण्याएवढे, आतून केसभर तार.
पाच युरो. तिने घासाघीस करू दिली नाही.

सत्तावीस जणांतून दोन सारखे शोधायचे.
आपल्याकडे पत्रिका जुळवतात तसं,
फक्त इथे छत्तीस गुण मल्टीमीटर मोजतो.
बोटांनी धरलं की डायोड तापतो, आकडा घसरतो;
चिमट्याने धरायचं,
श्वाससुद्धा बाजूला सोडायचा.
तीनशे बारा. दोनशे शहाण्णव. तीनशे बारा!
सापडली.

डाग दिला. राळेचा धूर नाकात गेला.
गळ्याजवळचा पिकअप, टोन पूर्ण बंद,
बाराव्या पडद्यापुढे एकच तार छेडली
आणि खोलीत कुणीतरी वर चढून उभं राहिलं.
स्वच्छ. खालच्या सुराचा मागमूस नाही.

दारात आउलिक्की, हातात लाकडं.
चर्चच्या गायकवृंदात वीस वर्षं ती वरच्या रांगेत होती.
गळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर खालच्या रांगेत बसते,
आणि वरच्यांची ओळ आली
की वहीत बघते.
तार्मोने कधी म्हटलं नाही की हे पेडल कशासाठी.
तिनेही विचारलं नाही.

‘पुन्हा वाजव,’ ती म्हणाली.
वाजवलं.
‘छान आहे. पण खालचा कुठे गेला?’
‘तो खोडला जातो. जोडी जुळली की.’
‘मग वरचा कशावर उभा आहे?’

तीन हिवाळ्यांत हा प्रश्न
तार्मोच्या वहीत कुठेच नव्हता.

त्याने एक पाय सोडवला, सत्तावीसातला
नाकारलेला, काचेवर चरा गेलेला डायोड उचलला,
दोनशे एकसष्ट,
कुणाशीच न जुळणारा,
आणि डाग द्यायच्या आधीच नुसता टेकवून धरला.

आता वरचा थोडा थरथरत होता,
आणि त्याच्या खालून मूळ सूर
झिरपत होता, दाराच्या फटीतून गारवा यावा तसा.
आउलिक्कीने तोंड उघडलं, मिटलं,
मग खालचा सूर धरला,
हलका, खरखरीत, कुणाला ऐकवायचा नसल्यासारखा.
तार्मोचं बोट चटकत होतं.
त्याने हात काढला नाही.

नंतर तिने लाकडं रचली, काडी ओढली.
‘उष्णतेने सूर जाईल,’ तो म्हणाला.
‘जाऊ दे. मला थंडी वाजतेय.’

वहीत त्या रात्रीची नोंद:
जोडी नाही. ३१२ आणि २६१.
खोली चार अंश.
भट्टी पेटल्यावर सातव्या मिनिटाला वरचा गेला.
खालचा होता.
उद्या पुन्हा मोजणे, लाकडं आणण्याआधी.