जो डबा नव्हता त्याचा नंबर

१०२९२३९५५७१

दहा अब्ज एकोणतीस कोटी तेवीस लाख
पंच्याण्णव हजार पाचशे एकाहत्तर.
यार्डात एवढं लांब कुणी म्हणत नाही.
अजनीला रात्रपाळीत बाबा टॉर्च धरायचे,
डब्यावरची कोळशाची पूड बोटाने पुसायचे
आणि अंक अंक पॅडवर उतरवायचे.
शालिक ढेंगरे, नंबर टेकर.

दोन हजार नऊच्या नोव्हेंबरात
हा एकच नंबर लाल गोल होऊन परत आला.
उके बाबू बोटं मोडत म्हणाले,
सम जागांची बेरीज चोवीस, तिप्पट बहात्तर,
विषम जागांची एकोणीस, झाले एक्क्याण्णव.
शंभराला नऊ कमी, म्हणून शेवटी नऊ पाहिजे.
तुम्ही एक लिहिला.
अन् पाचवा-सहावा अंक बांधणीचं साल. तेवीस!
"तेवीस साल याचंच आहे ना बाप्पा अजून.
असा डबाच नाही."

डबा नव्हता. नंबर होता,
आणि आता तो कोणत्याच गाडीचा नव्हता.
बाबांनी तो डब्याच्या पिशवीतून घरी आणला,
म्हणजे जेवणाच्या डब्याच्या.

दोनाने जात नाही, हे दिसतंच.
अंकांची बेरीज चव्वेचाळीस,
आपल्या पिनकोडाची सुरुवात, म्हणून तीनही नाही.
साताला बाकी तीन. अकराला सात. तेराला परत तीन.
मग एका ड्युटीला एक मूळ संख्या,
जुन्या फॉर्मांच्या पाठीवर,
मे महिन्यात कूलरच्या वाऱ्याने उडू नये म्हणून
वर खलबत्त्यातला बत्ता.
"काहून करून राहिले हे? पगार वाढते काय?" आई.
बाबा पुढचा भाजक लिहीत.

साडेतीन वर्षं.
एका सकाळी चहा ओतताना ते म्हणाले, "गेला."
आई दचकली, "कोण?"
सात हजार नऊशे एकोणीस. हजारावी मूळ संख्या.
बाकी शून्य.

भागाकार उरला बारा लाख नव्व्याण्णव हजार सातशे नऊ.
मी म्हटलं, आता हा फोडा.
"हे नाही फुटत. याले फोडन अशा
लहान सगळ्यायले इचारून आलो मी."
आणि पेनाला टोपण लावलं.

ते गेल्यावर मी कॉम्प्युटरवर
मूळ संख्यांची रांग लावली, तिचा क्रमांक पाहायला.
लाखावी.
हजारावी गुणिले लाखावी,
कोळशाने झाकलेल्या पत्र्यावरून चुकून उतरलेली.
तीनदा तपासलं. तेच.
याचा अर्थ मला लागत नाही,
आणि लावायला बसले तर बाबा हसतील.

तेवीस साल आलं तेव्हा
अजनीच्या फलाटाच्या टोकाला उभी राहिले,
कोराडीचा कोळसा घेऊन जाणाऱ्या मालगाडीसमोर.
नवे डबे, ओला वाटावा असा रंग.
शोधत होते तेच दहा अंक
आणि शेवटी नऊ.
गाडी वेगात होती. अठ्ठावन्न मोजले,
वाचता आले चार.

त्या नऊवाल्याचे अवयव अजून काढलेले नाहीत.
दोनाने जात नाही, एवढं दिसतं.